डोंगराआड गेलेली वाहिनी

थाळी आभाळाकडे वळलेली होती, आभाळ स्वच्छ होतं, टीव्ही चालू होता. तरी पडद्यावर नुसता निळा रंग.

अबोलीने थाळी आणखी वर केली. दापोलीला गच्चीवरची थाळी अशीच जवळजवळ डोक्यावर बघायची. पण इथे नॉर्वेच्या उत्तरेला, डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यात, 'टिटवी' नावाच्या शिडाच्या होडीवर चित्र काही येईना. होडीचा इंटरनेटचा डबा परवाच्या लाटेत भिजून मुका झाला होता. आणि आज दुपारी अबोलीची आई चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर उतरणार होती. एक इंग्रजी वाहिनी ते थेट दाखवणार होती.

"उद्या रेकॉर्डिंग बघू की," कुमुदमावशी म्हणाली. उपग्रह बनवण्यात उभा जन्म घालवून ती आता भाचीला घेऊन सुट्टीभर समुद्र हिंडत होती.

"उद्याचं शिळं. तू उतरशील तेव्हा मी बघत असेन, असा शब्द दिलाय मी आईला."

"मग आधी सांग, उपग्रह कुठे असतो?"

"वर."

"वर तर कावळाही असतो."

मावशीने डब्यातून एक थोरला लाडू काढला आणि त्याच्या कमरेपासून वीतभर अंतरावर एक लवंग धरली. "लाडू म्हणजे पृथ्वी. लवंग म्हणजे भूस्थिर उपग्रह (पृथ्वीवरून कायम एकाच जागी दिसणारा). विषुववृत्ताच्या वर, छत्तीस हजार किलोमीटरवर."

"तो फिरतच नाही?"

"फिरतो तर. फुगडीत तुम्ही दोघी गरगर फिरता, तरी समोरचीचं नाक तुझ्या नाकासमोरच राहतं ना? तसंच. पृथ्वीची एक गिरकी होते तेवढ्यात याचीही एक फेरी. आता तू मुंगी हो. लाडवाच्या कमरेवर उभी राहिलीस तर लवंग कुठे?"

"डोक्यावर."

"चढ टोकाकडे."

अबोलीने एक डोळा मिटून बोट वर सरकवलं. बोट चढत गेलं तशी लवंग खाली खाली उतरत लाडवाच्या कडेला टेकायला आली.

"म्हणजे आपण उत्तरेला आलो आणि उपग्रह दक्षिणेला खाली गेला?"

"क्षितिजापासून (पाणी आणि आभाळ टेकलेलं दिसतं त्या रेघेपासून) जेमतेम दीड मूठ वर. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश."

अबोलीने दक्षिणेच्या डोंगरावर मुठी मोजल्या. तीन भरल्या.

"आता काय, डोंगर तासणार?" मावशीने विचारलं.

"नाही. मागे जाणार. लांब गेलं की डोंगर बुटका दिसेल. उपग्रह तर एवढा लांब आहे की त्याला आपलं मागे जाणं कळणारही नाही."

मावशीने लाडू खाली ठेवला. "पण उघड्यावर टिटवी डोलेल. थाळी जराशी हलली तरी चित्र गेलं. आणि तिला सावरणारी मोटर गंजलीय."

"टिटवी राहू दे इथेच. तो खडक कुठे डोलतोय?"

फाट्याच्या रुंद तोंडाशी एक सपाट खडक पाण्यावर आला होता. छोट्या नावेत थाळी, बॅटरी आणि टीव्ही चढले. वारा समोरून आला, तसे मावशीचे खांदे भरून आले.

"एवढी मोठी परात कशाला आणलीस?" मांडीवरची थाळी सावरत अबोलीने विचारलं.

"या वाहिनीचा झोत इंग्लंडवर पडतो. इथे येतात ते शिंतोडे. ते गोळा करायला परात मोठीच लागते. डोंगर किती राहिला?"

"दोन मुठी. वल्हव."

"भाची नाही, मुकादम आणलाय मी."

खडकावर पोचल्या तेव्हा डोंगर एका मुठीत मावला. अबोलीने थाळीला दगडांचा टेकू दिला आणि ती केसभर, केसभर वळवू लागली. निळं. निळं. बोटं गारठली, तरी तिने थाळी सोडली नाही. मग पडद्यावर ठिपके आले, ठिपक्यांचे चौकोन झाले, आणि चौकोनांतून एक शिडी आणि शिडीवर एक पांढरा बूट.

बूट खाली टेकला. निवेदक इंग्रजीत भराभरा काहीतरी बोलला.

आईने मान उचलली नाही, समोर पाहिलं. तिथे दूरच्या कड्याला लागूनच निळी पृथ्वी होती.

"ध्रुवावर आहे ना ती," अबोली हळूच म्हणाली. "तिला आपण खालीच दिसणार."

"आणि तू गेलीस तिथे, तर?"

"तर आधी कड्यापासून लांब उभी राहीन," अबोली म्हणाली, "म्हणजे तुला चित्र नीट येईल."