मधमाश्यांसाठी पांढरं घर

"हलू नका! श्वाससुद्धा घेऊ नका!"

पेरिझात हलणार कशी? तिची तर बोबडीच वळली होती. बाबांनी अंगणात वाळत ठेवलेल्या तुंदुकाला, म्हणजे तंबूसारख्या घडीच्या घराच्या माथ्यावर बसणाऱ्या त्या गोल लाकडी कड्याला, बघता बघता काळीभोर दाढी फुटली होती... आणि ती दाढी गुणगुणत होती! हजारो मधमाश्या! त्यांच्या मागोमाग कुंपणावरून उडी टाकत, काखेत रिकामी पेटी मारून एक अनोळखी तरुण ओरडत धावत आला.

"माझ्याच आहेत," तो धापा टाकत म्हणाला. "पळून आल्या."

"तुमच्यापासून? शहाण्या दिसतात हो!"

तो हसला. मग नुसत्या हातांनी, बाळाला उचलावं तसा त्याने तो घोस अलगद पेटीत उतरवला. पेरिझात बघतच राहिली. पेटी बंद करून तो वळला आणि एकदम जवळ आला.

"थांब... वेणीत एक राहिलीय."

त्याची बोटं केसांना जेमतेम लागली असतील. पण बाई गं, माशी उडून गेली तरी तिची मान आपली तशीच कललेली.

त्याचं नाव बेकतुर. इसिक-कुल तळ्याच्या काठावर पहिली फुलं येतात तिथून सुरुवात करायची, आणि जसजशी फुलं डोंगर चढतील तसतसं आपणही पेट्या गाडीत घालून वर चढायचं, हा त्याचा धंदा. झोपायला एक प्लास्टिकचा तंबू होता. तो बाहेरच्या पावसापेक्षा आतल्या वाफेनेच जास्त गळायचा.

"मला घर करून द्या," तो तिच्या बाबांना म्हणाला. "पेट्यांच्या शेजारी गाडीत मावेल एवढं."

तिचे बाबा, उस्ता ओमुरबेक, म्हणजे पंचक्रोशीतले घरं बांधणारे कारागीर. ते खो खो हसले. "घर हवंय की टोपी?"

पण पेरिझातने दोरी उचललीही होती. "हात वर करा."

"का? लुटणार आहेस?"

"छत कुठवर हवं ते बघतेय. जास्त बोललात तर बुटकं करीन... आयुष्यभर वाकून चालाल."

"तुझ्यापुढे? चालेल की!"

तिने दोरीची गाठ उगाचच तीनदा बांधली.

सबंध वसंत ती त्या घरामागे लागली. विलोच्या काठ्यांची जाळी तिने तीनच घड्यांची केली. खिळा एकही नाही, सगळ्या गाठी कातड्याच्या, म्हणजे भिंत हार्मोनियमच्या भात्यासारखी मिटावी. उन्हात नमद्याची, म्हणजे भिंतीवरच्या जाड लोकरी आच्छादनाची, खालची कड वर गुंडाळली की वारा आरपार जावा. पेट्यांची तोंडं जिकडे, दार त्याच्या उलट बाजूला, म्हणजे माश्यांच्या वाटेत माणूस नको. आणि मुक्काम हलला की चार दिवसांत तिथलं गवत पुन्हा उभं राहिलं पाहिजे, कुणी राहून गेलं हे कुरणाला कळताच कामा नये.

नमदा मात्र पांढरा हवा, हा तिचा हट्ट.

"अगं, पांढरं घर लेकीच्या लग्नात देतात!" बाबा ओरडले.

"बाबा, गडद रंग दिसला की मधमाश्या चवताळतात. त्यांना काय ठाऊक लग्नबिग्न?"

बेकतुर दर आठवड्याला 'काम बघायला' यायचा. काम सोडून सगळं बघायचा. एकदा लोकर पिंजता पिंजता त्याने सहज विचारलं, "सगळ्यांची घरं करतेस. तुझं कधी?"

पेरिझातचे हात थांबले. "मला कुणी विचारेल तेव्हा. ताईला नव्हतं विचारलं. गाडीत कोंबलं, घरी नेलं, डोक्यावर पांढरा रुमाल बांधला... झाली सून! ती अजून हसत नाही, बेकतुर. मी शपथ घेतलीय. न विचारता माझ्या डोक्यावर कुणी रुमाल टाकला तर ते घर मी बघणार नाही, माणूस कितीही आवडता असो."

"कितीही... आवडता?"

"लोकर पिंज."

घर तयार झालं. ते उभं कसं करायचं हे शिकवायला ती त्याच्या गाडीत बसून जायलोवर, उंचावरच्या उन्हाळी कुरणात गेली. तिथे त्याची आजी, बुरुल, मेंढ्या घेऊन मुक्कामाला होती. आजीने लांबून काय पाहिलं? नातू गाडी चालवतोय, शेजारी तरणीताठी पोर, आणि मागे पांढरंशुभ्र घर!

पेरिझातने गाडीतून पाय खाली टाकला मात्र, डोक्यावर गोळ्या-मिठायांचा आणि बोरसोकांचा, म्हणजे कणकेच्या तळलेल्या गोळ्यांचा, वर्षाव झाला. बायका गाऊ लागल्या. "आली गं बाई, घर घेऊन आली माझी सून!" असं म्हणत आजीने पांढरा रुमाल तिच्या डोक्यावर टाकून गाठसुद्धा मारली.

पेरिझात जागच्या जागी थिजली. आजीने बांधलेला रुमाल झिडकारला तर जन्माचा तळतळाट, आणि ठेवला तर... तिला ताईचा चेहरा दिसला. तिने बेकतुरकडे पाहिलं. यानेच ठरवून आणलं नसेल ना आपल्याला? डोळे भरून आले.

तो पांढराफटक पडला होता. पुढे आला आणि त्याने तो रुमाल सोडला. आजीच्या हातची गाठ, सगळ्यांदेखत!

गाणं तुटलं. बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"आजी, हिला कुणी विचारलेलं नाही," तो म्हणाला. "मीसुद्धा नाही."

"मग सबंध वसंत काय माश्या मारत होतास, मेल्या?" आजी कडाडली. रुमाल हिसकावून घेऊन ती खोगिरांच्या ढिगावर पाठ फिरवून बसली.

त्याने गाडीची किल्ली पेरिझातच्या हातावर ठेवली. "जायचं असेल तर जा. मी मागाहून घोड्यावरून येईन, गाडी घेऊन जाईन. काही बोलणार नाही."

तिने किल्ली खिशात टाकली आणि गाडीतली जाळी खाली ओढली.

"आधी घर उभं करू," ती म्हणाली. "काम अर्धं सोडायची आमच्यात रीत नाही."

जाळी उघडली. त्याने तुंदुक काठीवर उचलून धरलं, ती छताची एकेक दांडी त्यात खोवत गेली. नमदा अजून चढवायचा होता, वर नुसतं निळं आभाळ. दोन्ही हात वर अडकलेले, घाम डोळ्यांत... आणि अशा अवस्थेत तो म्हणाला,

"पेरिझात, माझ्याशी लग्न करशील? 'नाही' म्हणालीस तरी हे मी खाली टाकणार नाही."

'विचार करून सांगते' हे तिच्या अगदी ओठांवर होतं. वर्षानुवर्षं घोकून ठेवलेलं. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं आणि तीच हबकली.

"हो."

"काय?"

"हो म्हटलं! हलू नकोस, दांडी निसटेल!"

शेवटची दांडी बसवून ती बाहेर आली. सरळ आजीपुढे गुडघे टेकून बसली आणि मान खाली घातली.

"आजी, बांधा."

आजीने रुमाल पटकन पाठीमागे लपवला. "नको गं बाई! पुन्हा सोडेल तो."

"नाही सोडणार," पेरिझात म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "मला विचारलं त्याने, आजी. मला विचारलं."