वाडगा भरून परत दिला तेव्हा

ज्यांना हे खोटं वाटणार आहे, त्यांनी इथूनच परत फिरा. कमेंटमध्ये येऊन मला अक्कल शिकवू नका. गेलं वर्षभर तेच ऐकतेय. घरी, कॉलेजात, सगळीकडे. थकवा होता, धुकं होतं, भास झाला असेल... आता कंटाळा आलाय मला.

जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

तारीख १७ ऑक्टोबर २०२४, गुरुवार. आणि रात्र नव्हती बरं का. भर दुपार होती, तिथल्या घड्याळात सव्वादोन. जागा म्हणजे चीनमधल्या गुईझोऊ प्रांतातला एक डोंगर. गावाचं नाव मला तेव्हाही उच्चारता येत नव्हतं, आताही येत नाही.

मी स्वप्नाली. पिंपळे गुरवला राहते. पप्पा चाकणला कंपनीत, आई घरीच शिवणकाम करते. मूळचे आम्ही बीडकडचे. मी लांब पल्ल्याची शर्यत पळते.

माझ्यासोबत होती आम्रपाली. कॉलेज एकच, राहायला ती तळवड्यात. माझ्यापेक्षा बरीच मोठी. वडील वारल्यावर तिनं शिक्षण सोडून काही वर्षं आईसोबत एका छोट्या कारखान्यात पॅकिंग केलं, मग जिद्दीनं परत कॉलेजला आली; आई अजून तिथंच आहे. तिला पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून बसायचं होतं. त्यासाठी बाहेरच्या देशातल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट हवं होतं. वयाच्या अटीमुळे तिला ही एकच भरती उरली होती. सर्टिफिकेट मिळालं तर वर्दी, नाही मिळालं तर परत पॅकिंगचं टेबल.

एवढं लक्षात ठेवा. सगळा तमाशा त्या एका कागदासाठी झाला.

स्पर्धा कॉलेजच्या पोरापोरींची होती. पाच दिवस डोंगरातून पळायचं, रोज एका गावातून दुसऱ्या गावात. मुक्काम गावातल्याच कुणाच्या तरी घरी. दोघींची टीम. दोघींनी शेवटची रेषा बरोबरच ओलांडायची, आणि पाचही दिवस पूर्ण केले तरच सर्टिफिकेट.

पहिल्या दिवसापासून डोक्याला ताप. माझी बॅग विमानतळावर अडकली, ती दोन दिवसांनी आली. फोनवर आपलं एकही ॲप चालेना. आमचे कोच गणराज सर, त्यांना एक अक्षर कळत नव्हतं आणि ते प्रत्येकाशी मोठ्या आवाजात मराठीच बोलत होते. आमच्या टीमला एक दुभाषी मुलगी दिली होती, लिन नावाची. इंग्रजी बोलायची. तिच्यामुळे निभावलं.

त्या गावांत निम्म्या घरांना कुलपं होती. लिन म्हणाली, तरणी माणसं सगळी शहरात कारखान्यांत आहेत, सणाला येतात. मला त्यात काही नवीन वाटलं नाही. आमच्या गावाकडचीही निम्मी घरं बंदच आहेत, त्यांची माणसं चाकणला भेटतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुकं उतरलं.

रस्ता दाखवायला झाडांना लाल फिती बांधलेल्या होत्या. त्या दिसायच्या बंद झाल्या. आम्ही चुकलो. अर्धा तास एकाच चढावर घिरट्या घालत होतो. आम्रपालीच्या खिशातलं खाणं संपलं होतं, ती दर दहा पावलांवर खाली बसायला लागली. मला रडू येत होतं ते भीतीनं नाही, रागानं. दोन वर्षं घोराडेश्वरच्या डोंगराच्या पायऱ्या झिजवल्या त्या काय ह्यासाठी?

तेवढ्यात एक वस्ती लागली. सात-आठ घरं. सगळ्यांना कुलूप.

कुत्रं नाही. कोंबडं नाही. चुलीचा धूर नाही.

आणि एका बंद घराच्या ओट्यावर...

भाताचा वाडगा होता. काठोकाठ भरलेला. वर लाल भोपळ्याच्या फोडी. त्यातून वाफ निघत होती.

आम्ही हाका मारल्या. दारं वाजवली. कुणी ओ दिली नाही. वाटेत आयोजक ठिकठिकाणी केळी, बिस्किटं ठेवायचे, हे पण त्यांचंच असणार असं आम्ही धरलं. खाल्लं. आम्रपालीनं जास्त खाल्लं. मग ती उठून उभी राहिली.

आता इथं माझी चूक झाली.

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं भांडं आलं तर ते रिकामं परत जात नाही. घरात काही नसेल तर आई चिमूटभर साखर घालते, पण रिकामं देत नाही. लहानपणापासून तेच बघितलंय. माझा हात आपोआपच चालला. बाटलीतल्या पाण्यानं मी तो वाडगा धुतला. आईनं दिलेले शेंगदाण्याचे दोन लाडू त्यात ठेवले आणि वाडगा होता तिथं नीट ठेवून दिला. आम्रपाली चिडली, वेळ जातोय म्हणाली. मी म्हटलं, एक मिनिटानं काही होत नाही.

आम्ही पळायला लागलो. लगेच फिती दिसल्या. मला बरं वाटलं.

पन्नास पावलं गेली असतील...

मागून आवाज आला.

मी तेव्हा आम्रपालीबरोबर दोन वर्षं पळत होते. तिचा उजवा पाय जरा जड पडतो, तो मुरगळला होता तेव्हापासून. तिचं पाऊल मी डोळे मिटून ओळखेन. माझं मला माहीत आहे. हे तिसरं होतं. हलकं. बुटाचं नव्हे, कापडी चपलेचं असावं तसं.

मी थांबले. आम्रपाली थांबली.

ते दोन पावलं पुढे येऊन थांबलं.

मागे फक्त धुकं होतं.

आम्ही जीव खाऊन सुटलो. पुढच्या चौकीवर एक म्हातारबुवा पाणी द्यायला बसले होते. त्यांनी कप मांडले. एक. दोन. आणि...

तिसरा.

मग वहीत आमच्या नंबरापुढे आकडा लिहिला. तीन. मी त्यांना दोन बोटं दाखवली. आम्ही दोघी आहोत, दोघी. त्यांनी मान डोलावली, आमच्या मागे बघितलं आणि कौतुकानं हसले. काय करणार? भाषा येत नाही, भांडता येत नाही. डोकं आपटायचं बाकी होतं.

संध्याकाळी मुक्कामावर लिनला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. त्या वस्तीतली बरीच माणसं बाहेरगावी कामाला गेली आणि तिकडंच मेली, असं ती म्हणाली. ज्यांचं मागं कुणीच नाही, त्यांच्यासाठी खालच्या गावातले लोक तो वाडगा ठेवतात. भुकेल्या वाटसरूनं खाल्लं तर कुणी वाईट मानत नाही. मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं.

"खाल्लंत ते ठीक. पण भरून का दिलंत? त्यांना कुणी परत देत नाही. परत फक्त घरचे देतात."

मी विचारलं, मग आता काय करायचं? ती म्हणाली, मला माहीत नाही, असं इथं कुणी केलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट घालायला दार उघडलं. उंबऱ्याबाहेर...

तोच वाडगा होता.

ती वस्ती चौदा किलोमीटर मागे राहिली होती. भात गरम होता.

मी आम्रपालीला निक्षून सांगितलं, हात लावायचा नाही. मी आत जाऊन लिनला उठवते. दोन मिनिटंसुद्धा गेली नसतील. परत आले तर आम्रपालीनं भात संपवून वाडगा पुसला होता, आणि त्यात आपल्या बिस्किटांचा पुडा ठेवत होती. मी तिच्यावर केवढी ओरडले. ती शांत होती.

"अगं, बिचारीला कधीच कुणी काही दिलं नसेल."

मी विचारलं, ती बाईच आहे हे तुला कुणी सांगितलं? आम्रपाली बुटाच्या नाड्या बांधत बसली.

चौथ्या आणि पाचव्या दिवशी आम्रपाली अशी पळाली की मला तिला गाठता येईना. आणि तिच्या शेजारून ते हलकं पाऊल... सारखं. मी मागे राहायचे. त्या दोघी पुढे. हो, मी दोघीच म्हणतेय. मला माझ्याच टीममध्ये परकं वाटत होतं.

आम्ही पाचही दिवस पूर्ण केले. मुलींमध्ये चौथ्या आलो. आम्रपाली रेषेवर बसून रडली. आता आईचं पॅकिंग बंद करते, म्हणाली.

तासाभरानं निरोप आला. आमची टीम बाद.

कारण काय? तर आमच्यासोबत बाहेरची एक मुलगी पळत होती आणि तिनं आम्हाला वेग धरून दिला. तिसऱ्या दुपारपासूनच्या सगळ्या चौक्यांच्या वह्यांत आमच्यापुढे तीन लिहिलेलं होतं. फोटो मागवले तर प्रत्येक फोटोत आम्ही दोघीच. तरी ते ऐकेनात. वह्या खऱ्या की फोटो, यावर दोन तास काथ्याकूट. गणराज सर ओरडून ओरडून लाल झाले. लिनला भाषांतर करायला सांगितलं तर ती म्हणाली, या बाबतीत मी काही बोलणार नाही, आणि सरळ हॉलबाहेर निघून गेली.

शेवटी त्या लोकांनी सरांसमोर एक छापील कागद ठेवला. सगळा चिनीत. सर इतके वैतागले होते की त्यांनी विचारलंच नाही.

"कुठं सही करायची तेवढं दाखवा."

सही झाली. सगळे एकदम हसले, हात मिळवले. सर्टिफिकेट कुरियरनं येईल, असं खुणांनी सांगितलं. मी सरांना विचारलं, कागदावर काय होतं? ते म्हणाले, अपीलचा फॉर्म असणार, तू आता डोकं खाऊ नकोस.

आम्ही परत आलो. महिने उलटले. आम्रपाली माझ्याशी कमी बोलायला लागली. टेकडीवर सरावाला एकत्र जाऊ म्हटलं तर म्हणायची, माझं झालं पळून. मी म्हटलं जाऊ दे, आधी कागद येऊ दे.

कागद आला. कॉलेजात सरांनी माझ्यासमोर पाकीट फोडलं. आत सर्टिफिकेटं...

तीन होती.

एक माझं. एक आम्रपालीचं. तिसऱ्यावरचं नाव फक्त चिनीत. आणि तिन्हींवर स्पष्ट इंग्रजीत लिहिलेलं, तीन सदस्यांची टीम. म्हणजे सरांनी सही केली होती त्या चिनी कागदावर हेच होतं. आमच्यासोबत तिसरी होती, तिचं नाव नोंदवायचं राहिलं होतं, ते आता नोंदवावं. त्या लोकांनी आपल्या परीनं भांडण मिटवलं होतं. सर खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

मी त्या नावाचा फोटो लिनला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. एका मुलीचं नाव आहे. हे तुमच्याकडे कुठून आलं? मी परत काय लिहिणार होते? त्यानंतर तिचा नंबर लागत नाही.

आता खरी कटकट ऐका. सर्टिफिकेटची पडताळणी केल्याशिवाय ते भरतीला चालत नाही. मी आणि आम्रपाली कागद घेऊन पडताळणीच्या सरकारी ऑफिसात गेलो. तिथल्या क्लार्कनं तिन्ही कागद बघितले आणि म्हणाला, टीम तिघींची आहे तर तिघींना घेऊन या. माझ्यासमोर तिघींच्या सह्या लागतील. शेवटची तारीख मंगळवार.

मी हात जोडले. अहो, तिसरी कुणी नाहीच. तो म्हणाला, मग कागद खोटा आहे का? तसं लिहून द्या, मी रद्द करतो. आयोजकांना पंधरा मेल केले. एकाचंही उत्तर नाही. सरांनी फोन बंद करून ठेवलाय.

शनिवारी मी आम्रपालीच्या खोलीवर गेले. तिची आई, शकू मावशी, कामावर होती. मी तिथं बसून ढसाढसा रडले. म्हटलं, माझ्यामुळे गेलं गं तुझं सगळं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता.

"रडतेस कशाला? येईल ती."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती उठून कपडे वाळत घालायला लागली, जसं काही मी शेजारच्या एखाद्या मुलीबद्दलच विचारलं होतं. मी चपला पायात अडकवल्या आणि निघाले.

आज सोमवार आहे.

दुपारी मला त्या ऑफिसातून फोन आला. तोच क्लार्क. आज आवाजात जरा गोडवा होता...

"मॅडम, तुमची ती तिसरी मुलगी सही करून गेली. तुम्ही दोघी उद्या येताय ना?"

ती कशी दिसते, काय बोलली, कुठून आली, मला एवढं विचारायचं होतं. त्यानं घाईत फोन ठेवून दिला.

आम्रपालीचे तेव्हापासून सात फोन आले. मेसेज आहे, उद्या अकराला गेटवर भेट, फक्त आपल्याच सह्या राहिल्यात.

मी गेले नाही तर तिची नोकरी माझ्यामुळे जाते, आणि ती मला जन्मभर माफ करणार नाही. गेले तर मला माझ्या हातानं, सरकारी कागदावर, लिहून द्यायचंय की ती आमचीच आहे.