गप्पूनं गिळलेला कुकारा

सुरंगवेळ गावात समुद्र मुका झाला, त्याला त्या हिवाळ्यात चार वर्षं पुरी झाली. लाटा यायच्या, खडकावर आपटायच्या, फेसबीस सगळं यथासांग. फक्त आवाज नाही. नवा पाहुणा पहिल्या दिवशी कानात बोटं घालून घालून कान लाल करून घ्यायचा. देवळातल्या पालीनं म्हणे चुकचुकणं सोडून दिलं होतं. ऐकायला कोणी नाही, तर जिभेला शीण कशाला?

हा सगळा गप्पूचा प्रताप. सरकारी कागदावर त्याचं नाव 'प्रतिनादक', पण एवढं लांब नाव उच्चारेपर्यंत भरती ओसरते, म्हणून गावानं त्याला गप्पू केलं. नारळाएवढा करडा गोळा. किनाऱ्यावर वीस-वीस पावलांवर खांबाला टांगलेला, आणि तसेच खाडीत पिंपांवर, अर्धे पाण्यात, तरंगणारे शेकडो.

ते बसवायला आलेल्या डॉक्टर केतकी बापट पुण्याच्या. ध्वनिशास्त्र त्यांचा विषय. तेव्हा त्यांनी वैजयंती मेथरच्या पडवीत चहा घेता घेता सगळं समजावून सांगितलं होतं.

"मावशी, आवाज म्हणजे हवेतली लाट. एक उंचवटा, एक खळगा, असं पुढे पुढे जाणारं. गप्पू आलेला आवाज टिपतो आणि त्याच क्षणी नेमका उलटा आवाज सोडतो. उंचवट्यावर खळगा, खळग्यावर उंचवटा. दोन्ही मिळून सपाटी. सपाटी म्हणजे शांतता."

"म्हणजे घोव जितक्या बोंबलता, तितक्याच बायलेन उलटा बोंबलायचा, आणि घरात शांतता?"

"अगदी तसंच."

"आमच्या घरात चाळीस वर्सां ह्योच प्रयोग चालू आसा, बाय. जमलो नाय."

आत जाळं विणत बसलेला तिचा नवरा जनार्दन मेथर यावर इतका हसला की त्याला ठसका लागला.

गप्पू आला तो पलीकडच्या तीरावरच्या बंदरामुळे. तिथं दगड फोडायची यंत्रं अष्टौप्रहर चालायची. पोरं शाळेत बाईंचं ऐकेनात, म्हणून बाईंनी आधी त्यांना झोडपलं; मग कळलं की पोरांना खरंच ऐकू येत नाही. यंत्रं थांबवा म्हणून गाव ओरडलं. यंत्रं थांबली नाहीत, आवाज तेवढा थांबला. पहिल्या दिवशी तान्ही पोरं दुपारभर झोपली आणि आयांनी गप्पूच्या खांबाला हळदकुंकू वाहिलं. ऐकू येईनासं झाल्यावर बंदरानं यंत्रं तिप्पट केली. धूळ पडायची ती पडतच राहिली, पण धुळीला आवाज नसतो.

गप्पूला एकच नियम शिकवलेला होता. माणसाचा शब्द सोडायचा. ज्यात शब्द नाही आणि जे पुन्हा पुन्हा येतं, तो गोंगाट, तो गिळायचा. या नियमात बेडूक सापडले. नराची हाक मादीला पोचेना. दोन पावसाळे डबक्यांत एक शेपटीवालं पिल्लू दिसलं नाही. ढोमा मासा पाण्याखाली गुरगुरून जोडीदारीण बोलावतो, तोही खाडी सोडून गेला. आणि याच नियमात, पहिल्याच हिवाळ्यात, कुकारा सापडला.

कुकारा म्हणजे नुसता 'कूऽऽ'. धुकं पडलं की वाट कळायला होडीवरून तीनदा, किनाऱ्यावरून दोनदा. पाण्यावर माणसाला नावानं हाक मारायची नाही, अशी या दर्यावर्दी लोकांची रीत. दर्याला नाव कळलं की तो त्या नावाचं बोलावणं धाडतो. मोबाइल आल्यावर कुकारा घालणारी दोन-चार म्हातारी माणसंच उरली होती. पुण्याच्या बाईंना हे कोणी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही.

जनार्दन मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवायचा. होडीत नेला तर मासळीला खबर लागते, असं त्याचं म्हणणं.

जानेवारीतल्या एका सकाळी धुकं असं उतरलं, की स्वतःचा हात स्वतःला परका वाटावा. जनार्दन जाळी टाकून परत येत होता. वैजयंती किनाऱ्यावर उभी राहून कुकारा घालत होती, तो पाण्यावरून घालत होता. दोघांच्या मध्ये गप्पू होते. खडकांवर लाटा फुटण्याचा आवाज तरी त्याला सावध करता. पण लाटांइतकं पुन्हा पुन्हा येणारं आणि बिनशब्दाचं या जगात दुसरं आहे काय?

दहा वाजता ऊन पडलं तेव्हा बंदराच्या दगडी बांधावर होडीच्या फळ्या दिसल्या. जनार्दन तिसऱ्या दिवशी सापडला.

तेरावा झाल्यावर केतकी आली. गिळायचं तर गप्पूला आधी ऐकावं लागतं, आणि ऐकलेलं सगळं तो साठवतो. ते सगळं तिनं ऐकलं होतं. डोळे सुजलेले होते.

"मावशी, माझी चूक झाली. त्यांनी एक्केचाळीस वेळा कुकारा घातला. तुम्ही त्याहून जास्त. एकही पलीकडे पोचला नाही."

वैजयंती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"पण शेवटी त्यांनी शब्द वापरला. दोनदा. 'वैजू' असा. शब्द होता, म्हणून गप्पूनं सोडला. किनाऱ्यावरच्या खांबापर्यंत तो आला होता. तुम्ही तेव्हा घरी गेला होतात का?"

"मी थयच होतंय."

"मग ऐकू आलं नाही?"

"इला."

वैजयंतीनंच सांगितलं.

"पाण्यावरसून नावान हाक इली तर ओ देव नये, बाय. ता माणूस नसता. चाळीस वर्सांत ह्येंनी माका पाण्यावरसून नावान हाक मारल्यानी नाय. एकदा पण नाय." तिनं सुपातला एक खडा उचलला आणि तो कुठं टाकावा ते तिला सुचेना. "परत 'वैजू' म्हटल्यानी. आवाज ह्येंचोच. म्हणान तर जास्त भियालंय. पदर तोंडात कोंबलंय आणि गप रवलंय."

खडा मुठीतच धरून तिनं विचारलं, "मी ओ दिली असती, तर पोचली असती?"

केतकीला उत्तर माहीत होतं. ओ म्हणजे शब्द नव्हे, पण गप्पू पुन्हा पुन्हा येतं तेच गिळतो. एकदाच दिलेली ओ पाण्यावरून सरळ गेली असती.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "ती पण गिळली असती."

वैजयंतीनं मान हलवली. तिला पटलं की नाही, कळलं नाही.

पुण्याला पोचताच केतकीनं गप्पू बंद करण्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं, की चार वर्षांत सुरंगवेळहून एकही तक्रार ऐकू आलेली नाही.

इकडे केतकी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वैजयंती रोज सकाळी पाण्याशी जाऊन ओ देऊ लागली. मोठ्यानं, गळ्याच्या शिरा ताणून, पुन्हा पुन्हा. पहिले तीन दिवस तिची ओ पलीकडच्या बांधापर्यंत गेली. चौथ्या दिवशी गप्पूनं तिची गोंगाटात नोंद केली, आणि केतकीचं खोटं खरं झालं.

वैजयंतीला याचा पत्ता नाही. स्वतःचा आवाज माणसाला हाडांतून ऐकू येतो. तिथं गप्पूचा हात पोचत नाही. ती ओ देते, थोडं थांबते, आणि परत देते.