बेचाळीसचा दगड

ही गोष्ट माझ्या मामांची. मामा थापा मारणारे नाहीत. उलट कुणी भुताखेताचं काढलं की उठून जायचे, म्हणूनच सांगतोय. आणि रात्रबित्र काही नव्हती. बुधवार, दुपारचे चार, डोळे दिपवणारं ऊन. जागा राज्य महामार्गावरची, एकेचाळीस आणि त्रेचाळीस किलोमीटरच्या दगडांमधली.

मामा त्या रस्त्याचे मेस्त्री. त्यांच्याआधी मेस्त्री होते त्यांचे सासरे. गाडीवाटेचा महामार्ग झाला तो सासऱ्यांच्या देखरेखीखाली. टेकडीला वळसा त्यांनीच घालून दिला. दगडांवरचे आकडेही तेच रंगवायचे. दोनची शेपटी लांब ओढायची त्यांना सवय.

सासरे जाऊन सहा वर्षं झाली, तरी लोक म्हणायचे, "सासऱ्यांचा रस्ता जावई सांभाळतोय." मामांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी मामीचंही तेच. रस्ता कितीही गुळगुळीत करा, ती म्हणणार, "बाबांच्या हाताची सफाई वेगळीच होती."

मामा जळायचे. मेलेल्या माणसावर जळायचे. हे त्यांनीच मला सांगितलंय.

मग टेकडी फोडून रस्ता सरळ झाला. हे काम मामांचं. एक किलोमीटर वाचला. पुढचे सगळे दगड पुन्हा रंगवायला नकोत म्हणून मामांनी मधला बेचाळीसचा दगडच उपटला आणि नाल्यात ढकलला. एकेचाळीसनंतर थेट त्रेचाळीस.

त्याच सुमारास कचेरीनं महामार्गाचा मार्ग आणि इतिहास लिहून मागितला. फलकावर कोरायचा होता. मामांनी मन लावून लिहिला. गाडीवाट, खडी, डांबर, सगळं आलं. सासऱ्यांचं नाव तेवढं गाळलं आणि शेवटी स्वतःचं टाकलं.

फक्त सरळ केलेल्या तुकड्याची लांबी भरायची राहिली होती. मामा मोजणीचं चाक ढकलत एकटेच निघाले. दर मीटरला ते चाक वाजतं.

टक्... टक्... टक्...

अर्ध्या वाटेत मागून दुसरं चाक ऐकू आलं.

मामा थांबले.

मागचं चाक... एक टक् उशिरा थांबलं.

वळून पाहिलं. कुणी नाही. इतक्या वाहत्या रस्त्यावर एक गाडी नाही, पाखराचा आवाज नाही.

मामा भरभर चालत त्रेचाळीसला पोचले आणि चाकावरचा आकडा पाहिला. हजार मीटर यायला हवे होते.

दोन हजार होते. वळशाचा जुना रस्ता जेवढा होता, बरोब्बर तेवढे.

"मेल्यावरही पिच्छा सोडणार नाही का तुम्ही?" मामा मोठ्यानं म्हणाले. परत मोजायला मागे फिरले...

आणि दगड दिसला.

ज्या कडेनं ते आत्ताच चालत आले होते, तिथेच. पांढराशुभ्र. बेचाळीस. दोनची शेपटी लांब.

बोट लावलं. रंग ओला होता.

चाक तिथेच टाकून मामा जे सुटले ते थेट घरी.

मामी व्हरांड्यात बसली होती. समोर एक रिकामा कप. एवढी खूश ती मामांना लग्नाच्या दिवशीही दिसली नव्हती.

"उशीर केलात," ती म्हणाली. "बाबा येऊन गेले. चहा घेतला. तुमचं चाक रस्त्यात राहिलं होतं, ते आणून दिलं त्यांनी."

चाक भिंतीला टेकून उभं होतं. मुठीवर ओला पांढरा रंग.

फलकावर आता सासऱ्यांचं नाव पहिलं आहे. मामांनीच रातोरात कागद बदलला. दगड अजून तिथेच आहे. कचेरीला वाटतं, तो मामांनीच परत बसवला.

मामी दर बुधवारी चारला व्हरांड्यात एक कप ठेवते. संध्याकाळी तो रिकामा असतो.

भीती नाही का वाटत, असं मी मामांना विचारलं. त्यांनी त्या कपाकडे बोट दाखवलं.

"भीतीचं सोड रे," ते म्हणाले. "कधीतरी तिनं मलाही विचारावं ना, चहा घेणार का म्हणून."