ओली, शनिवारपर्यंत

विन्को लुचिच दुकानात शिरला, तेव्हा त्याच्या केसांतून समुद्र ठिबकत होता.

कवेत एक लाकडी पेटी, तीही टॉवेलात गुंडाळलेली... नुकतं न्हाऊ घातलेलं बाळच जणू! आरियागांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात त्या शुक्रवारी डेल्फिना एकटीच होती. तो बोलायला तोंड उघडतो, तोच टूना माशांच्या कारखान्याचा भोंगा झाला. सान पेद्रो बंदरात भोंगा वाजला की शहाणी माणसं गप्प बसतात. पण याला घाई होती.

"...कोरडा! ...ओला पाहिजे! पुढच्या शनिवारपर्यंत!"

"ओली?"

तो हसला, मान हलवली आणि धावत निघूनही गेला. फरशीवर पावलांचे ओले ठसे तेवढे राहिले. डेल्फिनाने ते लगेच पुसले नाहीत. पेटीला चिठ्ठी मात्र बांधली – 'ओली. शनिवारपर्यंत.'

त्याच सकाळी तिने मरियममातेची नऊ दिवसांची प्रार्थना धरली होती. रोज एक मेणबत्ती, आणि गोड वर्ज्य. मागायचं काय, ते ठरलं नव्हतं. दरसाल धरायची म्हणून धरलेली. संध्याकाळी चर्चमध्ये मेणबत्ती लावताना तिच्या डोळ्यांपुढे ते ठसे आले, आणि ती स्वतःशीच लाजली.

तिचे वडील, एलिसिओ आरियागा, भले गृहस्थ. फळ्या घेऊन लाटांवर स्वार होणारी पोरं आपले रेडिओ भिजवून त्यांच्याकडेच आणत. त्यांनी चिठ्ठी वाचली, चुकचुकले, पेटी उघडून शेगडीपाशी ठेवली. "खारं पाणी गं, पोरी. सावकाशच वाळवायला हवं." तीन दिवस पेटी वाळत होती.

मंगळवारी विन्को आला, हातात डोनटची पिशवी घेऊन. पेटी बघून त्याचा चेहराच उतरला.

"ही... शेगडीपाशी का?"

"भिजली होती ना! तुम्हीच म्हणालात," डेल्फिना म्हणाली.

"मी? अहो, आवाज! आवाज कोरडा येतोय, तो ओला करून पाहिजे, असं म्हणालो मी!"

"आवाज कुठे ओला असतो?"

त्याने आतल्या दोन लांब स्प्रिंगा दाखवल्या. त्याच्या गिटारचा सूर या स्प्रिंगांतून थरथरत जातो, आणि बाहेर पडतो तो समुद्राच्या पोटातून आल्यासारखा. "बुडी मारून वर आल्यावर कानांत जसं होतं ना... तसा. त्याला आम्ही ओला म्हणतो." एक स्प्रिंग आकड्यातून निसटली होती, केसाएवढी तार उष्णतेने सुटली होती. "आता ओलाही नाही, कोरडाही नाही. पेटी मुकीच झाली."

एलिसिओ ओशाळून मागच्या खोलीत गेले.

"शनिवारी काय आहे?" तिने हळूच विचारलं.

"बंदरावरच्या नाचघरात वाजवायचंय. रंगलं, तर दर शनिवारचं काम. नाही रंगलं, तर रविवारी पहाटे याको काकाच्या बोटीवर. पेरू देशापर्यंत... पाच महिने टूना." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "काका म्हणतो, लुचिचांनी मासे धरायचे असतात, तारा नव्हेत."

डेल्फिनाने झारणी तापत ठेवली. बारीक तारा जोडायला डाख द्यायचा तर आरियागांच्या घरी तिच्याच हाताने. "बसा. आणि बोलत राहा, म्हणजे माझा हात हलत नाही."

"उलट असतं ना ते?"

"तुमच्यात असेल."

तो रोज दुपारी येऊ लागला. रोज एक डोनट आणी. ती तो बाजूला सारी. वडील मुकाट्याने खात आणि पोराबद्दलचं त्यांचं मत दिवसेंदिवस चांगलं होत जाई.

"तू गोड खात नाहीस?" बुधवारी 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"शनिवारपर्यंत नाही. व्रत आहे."

"मागतेस काय?"

"सांगितलं की फळत नाही."

मग तो गिटार काढी. त्याचे आजोबा दाल्मेशियाहून तंबुरित्सा नावाचं तारवाद्य घेऊन आले होते. नखी इतकी भरभर चालवत की एकच सूर माशांच्या थव्यासारखा सळसळे. तीच नखी विन्कोने विजेच्या गिटारवर आणली होती, जाड तारा लावून. "पूर्वी पुढे सॅक्सोफोन असायचा, गिटार आपली मागे ठेका धरायची. आता आम्हीच पुढे. गाणाराही लागत नाही."

"शब्दच नाहीत? मग हे कशाबद्दल आहे, ते कळायचं कसं?"

"नावावरून." तो तिच्या हातांकडे बघत होता. "सबंध गाण्यात आम्हांला तेवढेच काय ते शब्द मिळतात. जपून वापरावे लागतात. या नव्या चालीला नावच सुचत नाहीये."

डेल्फिनाची झारणी जरा थरथरली. "बोल ना..." ती म्हणाली. "गप्प का झालास?"

त्या संध्याकाळी मेणबत्ती लावताना तिला कळलं, काय मागायचं ते. पण मागवेना. याको काकाच्या बोटीतले लोकही याच मातेच्या पायांशी मेणबत्ती लावून जात. एकाला थांबव म्हणायचं, तर बोटीवर एक हात कमी पडतो. शेवटी ती एवढंच म्हणाली, 'आई, माझ्या हाताचा डाख टिकू दे.'

शनिवारी नाचघर पोरापोरींनी फुललं होतं. डेल्फिना वडिलांबरोबर खांबाशी उभी. दाराशी याको काका, हाताची घडी घालून, बोटीवरचाच कोट अंगात. पहिली दोन गाणी गेली... बरी गेली. डाख टिकला होता. पण पोरं अजून कडेकडेनेच घुटमळत होती. नाचघराची मालकीण घड्याळ बघत होती.

विन्को माइकपाशी आला. शब्दांची त्याला सवय नव्हती. त्याने खिशातून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली, आणि डेल्फिनाने आपलं अक्षर लांबूनच ओळखलं.

"नवी चाल आहे," तो म्हणाला. "नाव... 'ओली, शनिवारपर्यंत'."

कुणी तरी फिदीफिदी हसलं. एलिसिओंनी कपाळाला हात लावला. "अगं पोरी, ही तर आपली चिठ्ठी!"

विन्कोने पेटीला पायाने हलकेच धक्का दिला. स्प्रिंगा एकमेकींवर आदळल्या आणि धडाम्... जणू लाट फुटली, थेट नाचघराच्या फरशीवर. त्या फेसातून सूर उठला. थरथरता, भिजलेला, धावत सुटलेला. मध्येच तो एकदम मऊ झाला, एकाच तारेवर रेंगाळला – कुणी मन लावून बारीक काम करत असावं आणि कुणी शेजारी बसून नुसतं बघत असावं, तसा. डेल्फिनाला शब्दाची गरजच पडली नाही. पोरं नाचायला कधी उतरली, तेही तिला दिसलं नाही.

दाराशी याको काकाने हाताची घडी सोडली होती. "बापाचा हात आहे हा," तो पुटपुटला. "माझ्या बापाचा." मालकिणीने पुढच्या शनिवारचं बोलायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "येईल तो, बाई. बोटीवर माझा मी बघतो."

गर्दी ओसरल्यावर विन्को नाचघरामागच्या धक्क्यावर आला. हातात डोनटची पिशवी.

"नऊ दिवस झाले ना? आता तरी सांग, काय मागितलंस?"

"डाख टिकू दे."

"एवढंच?"

"बाकीचं मागायला धीर झाला नाही," ती म्हणाली, आणि मान वळवली.

तो वाकून बघू लागला. "डेल्फिना... तुझे डोळे..."

"असू देत." तिने डोनट घेतला, अर्धा मोडून त्याच्या हातावर ठेवला. "शनिवारपर्यंत ओलीच पाहिजे होती ना तुला?"