बाईजाची नळी

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खाली कॉमेंटमध्ये मला अक्कल शिकवू नका. मी आधीच चिडलेली आहे.

मी हर्षाली, मुरबाडची. बायोकेमिस्ट्रीत पीएचडी केली आणि मग क्लिनिकल केमिस्ट्रीची दोन वर्षांची फेलोशिप घेतली. म्हणजे रक्ताच्या तपासणीत आलेला आकडा खरा की खोटा, हे ठरवायचं शिक्षण. त्यातले काही महिने शहापूरच्या एका लॅबमध्ये काढायचे होते. लॅबचं नाव सांगणार नाही.

एक नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. आकडा जीवघेणा निघाला तर नमुना पाठवणाऱ्याला ताबडतोब फोन करायचा. समोरच्याने तो आकडा परत म्हणून दाखवायचा. मग रजिस्टरमध्ये आकड्यापुढे त्याचं नाव आणि वेळ लिहायची.

गेल्या नोव्हेंबरातला मंगळवार. दुपारी एकला डोळखांबकडून जीपने नमुने आले. त्यात बाईजा नावाच्या बाईचं पोटॅशियम निघालं सात पॉइंट चार. इतक्याने हृदय बंद पडतं.

पण नळीतलं रक्त फुटलेलं, म्हणजे पेशी फुटून वरचं पिवळं पाणीही लालभडक झालेलं. रक्त फुटलं की पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं.

"डोळखांबचं रक्त असंच," आमचे सर म्हणाले. "खड्ड्यांतून घुसळत येतं. परत पाठवा लिही आणि मोकळी हो."

तरीही फोन करायचा असतो. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

मी 'नमुना परत पाठवा' अशी चिठ्ठी लिहिली, दुसऱ्या दिवशीच्या जीपसाठी ठेवली आणि जेवायला गेले.

पुढचा मंगळवार. दुपारचे अडीच. त्या दिवशी जीप वाटेतच बंद पडलेली, एकही नमुना आला नव्हता. लॅबमध्ये मी एकटी.

मशीनची घरघर एकदम थांबली...

मी वळून पाहिलं. रिकाम्या रॅकमध्ये एक नळी उभी होती.

लेबलवर नाव... बाईजा.

हातात घेतली तर कोमट. आत्ता दंडातून रक्त काढावं तशी. डोळखांबहून आलेली नळी कधीच कोमट नसते.

खरं सांगते, मला तेव्हा हायसं वाटलं. बाई जिवंत आहे, नमुना परत आलाय, एवढंच डोक्यात आलं. मशीन पुन्हा सुरू केलं. या वेळी रक्त जरासुद्धा फुटलेलं नव्हतं.

सात पॉइंट चार.

मी फोनवर झडप घातली. तिच्या गेल्या आठवड्याच्या फॉर्मवर तिकडच्या आरोग्य उपकेंद्राचा नंबर होता. पहिल्याच रिंगला उचलला. पलीकडे नुसता वारा... मग एका बाईचा दमलेला आवाज.

मी आकडा सांगितला. तिने सावकाश परत म्हटला. "सात पॉइंट चार. आयकला गो बाय."

"कोण बोलतंय?"

"बाईजा."

मी तिला झोपून राहायला सांगितलं. गाडी पाठवते म्हटलं. रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि ॲम्बुलन्स पाठवली.

दोन तासांनी उपकेंद्रातल्या मनोजचा फोन आला.

"म्याडम, गाडी कोनासाठी पाठवली? बाईजा तर गेल्या मंगळवारीच गेली. दिवस मावळताना."

"मग मघाशी फोन कोणी घेतला?"

"फोन दिवसभर माज्या खिशात हाय. वाजलाच नाय."

दिवस मावळताना. म्हणजे मी जेवायला उठले तेव्हा तिच्याकडे चार-पाच तास होते.

सरांना रजिस्टर दाखवलं. ते म्हणाले, "पान फाड. दोन्ही मंगळवारांचं. तुझ्या सर्टिफिकेटवर माझी सही लागते, विसरू नकोस."

मला खरं तर भुताची भीती वाटायला हवी होती. त्या माणसाचा संताप आला. आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

पान मी फाडलं नाही. रविवारी बाईजाच्या पाड्यावर गेले आणि तिच्या नवऱ्याला, लडकूला, सगळं सांगितलं. फोन मी केला नाही, हेही.

तो कितीतरी वेळ नाचणी पाखडत राहिला. मग वाशाच्या फटीतून माझीच चिठ्ठी काढली.

"ही आली तवा आमी तिला पोचवून आलेलो," तो म्हणाला. "मनोजनी वाचून दाखवली. परत पाठवा. कोनाचा रगत पाठवू, सांगा तुमी."



सरांनी अजून सही केलेली नाही. नका करू म्हणावं.

पण नळी यायची थांबलेली नाही. दर मंगळवारी, अडीचला. कोमट. मी ती मशीनला लावते, कारण नियम आहे. फोन करते, कारण नियम आहे. ती आकडा परत म्हणते, कधी चुकत नाही. आणि मग दर वेळी एकच विचारते...

"गाडी निघाली का गो?"

आज सोमवार आहे.