अस्वलाशेजारची कुरकुर

“हलला मेला! जरा म्हणून एका जागी उभा राहील तर शपथ. चालला... डावीकडे चालला... पाण्याशी थांबला. हं, आता मान खाली. माझ्याच वेळी बरी तहान लागते याला!”

ही कुरकुर माझ्या कानाच्या अगदी जवळ चालू होती. कठड्यापलीकडे अस्वल, माझ्या एका बाजूला डोळ्याला कॅमेरा लावलेले बाबा, आणि दुसऱ्या बाजूला हा – उंच, विस्कटलेल्या केसांचा, गळ्यात एक सोडून दोन कॅमेरे लटकवलेला.

“अहो, जरा हळू,” मला राहवलं नाही. “अस्वल बिथरेल.”

“अस्वलाला सवय आहे,” कॅमेऱ्यातून डोळा न काढता तो म्हणाला. “तुम्हालाही होईल.”

काय हा आगाऊपणा! मी एक खरमरीत उत्तर जुळवत होते, तेवढ्यात बाबांच्या कॅमेऱ्याचं शटर वाजलं आणि बाबा वळून म्हणाले, “अगं ठमे, भांडू नकोस. हाच तो, आपली लेन्स साफ करून देणारा.”

बाजारामागच्या गल्लीत त्याचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त केलेला कॅमेरा टेबलावर शहाण्यासारखा वागतो, खरी परीक्षा हलणाऱ्या जनावरावर होते, असं त्याचं म्हणणं. म्हणून दर रविवारी सकाळी तो गिऱ्हाइकांचे कॅमेरे गळ्यात घालून प्राणिसंग्रहालयात यायचा.

आणि आम्ही यायचो ते बाबांसाठी. बाबा नकाशे काढायचे. जन्मभर सरळ रेघा ओढलेला माणूस. भिंतीवरची तसबीर केसभर कलली तरी जेवण सोडून उठायचे. आई गेली आणि ते खुर्चीतून उठेनासेच झाले. मग तिनं त्यांना निवृत्तीला दिलेला कॅमेरा मी एकदा त्यांच्या गळ्यात अडकवला आणि त्यांना इथं घेऊन आले. त्या दिवशी रविवार आमच्या घरी परत राहायला आला.

अलीकडे मात्र बाबांचे फोटो बिघडू लागले होते. मोराचा पिसारा यायचा, मोर नसायचा. हरणाचे चार पाय यायचे, वर हरीण गायब. “लेन्स धुरकट झालीय. बुरशी धरली असणार,” बाबा म्हणायचे.

“असेल, असेल,” मी म्हणायचे.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आठवडाभर लोकांना सुया टोचते. बाबांच्या डोळ्यांत काय उतरतंय ते मला दिसत होतं. पण आमच्या घरात ‘ऑपरेशन’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. आई एका किरकोळ ऑपरेशनला हसत हसत आत गेली होती. तेव्हा लेन्स धुरकट, तर लेन्स धुरकट!

पण त्या दिवशीचं अस्वल घरी येऊन पाहिलं, तर अख्खं आलेलं. पाणी पिणारं, कान टवकारलेलं, पाण्यात त्याचं नाक थरथरणारं.

“पाहिलंस?” बाबांनी फोटो नाकाला लागेल इतका जवळ धरला. “लेन्स साफ केल्याचा गुण.”

पुढच्या रविवारी तो होता. त्याच्या पुढच्याही होता. मी त्याचं नाव ठेवलं कुरकुऱ्या. साळिंदर असो नाहीतर पाणघोडा, याची तक्रार सुरूच. “बसला बघा ढिम्म, उजव्या कोपऱ्यात, दगडाला टेकून. उठ की बाबा! उठला... आला जवळ... आता जांभई! शिष्टाचार म्हणून काही नाहीच.”

“तुम्ही घरीही असेच बोलता?” मी एकदा विचारलं.

“घरी ऐकायला कुणी नाही.” मग थांबून, “म्हणजे... अजून तरी.”

मी पाणमांजरांकडे पाहत राहिले. पाणमांजरं फारच प्रेक्षणीय असतात, विशेषतः आपले कान तापलेले असतात तेव्हा.

“आणि तुम्ही? दिवसभर रक्त काढता म्हणे. लोक घाबरत नाहीत?”

“मोठमोठे पैलवान घाबरतात.”

“मी पैलवान नाही,” तो म्हणाला, “तरी थोडा घाबरतोच.”

भुरभुर पाऊस सुरू झाला. त्यानं छत्री उघडली ती आधी कॅमेऱ्यांवर धरली, मग बाबांवर, मग माझ्यावर, आणि स्वतः भिजत उभा राहिला. पुढच्या रविवारी मी फ्लास्कमध्ये चहा थोडा जास्त भरला. आणि निघताना आरशासमोर केस दुसऱ्यांदा विंचरले, तर बाबा बाहेरून म्हणाले, “ठमे, लांडग्यांना फरक पडत नाही गं.”

त्याच दिवसाची गोष्ट. बाबांना फाटकाजवळ जुने साहेब भेटले, गप्पा रंगल्या, म्हणून मी एकटीच पुढे झाले. लांडग्यांच्या जाळीपाशी तो उभा होता. लेन्सचं तोंड जाळीला टेकवलेलं – तसं केलं की फोटोत तार दिसत नाही. लांडगा उठला, वळला, झाडामागे गेला, परत आला... आणि कुरकुऱ्याच्या तोंडून चकार शब्द नाही! ओठांवर शांत हसू. एक डोळा मिटलेला. असा माणूस मी त्याच्यात कधी पाहिलाच नव्हता.

मागून बाबांची पावलं वाजली. ते येऊन शेजारी उभे राहिले, कॅमेरा डोळ्याला लावला. आणि लगेच – “आला का पुन्हा डावीकडे! झाडाच्या बुंध्याशी उभा, इकडेच तोंड करून. जरा खाली बस की लेका... बसला!”

बाबांचा कॅमेरा डावीकडे वळला. थोडा खाली झुकला. शटर वाजलं.

मी जाळी घट्ट धरली. डावीकडे, उजवीकडे, जवळ, लांब, मान वर, मान खाली... इतके रविवार ही कुरकुर नव्हतीच. आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्याला कुणीतरी हळूच हाताला धरून नेत होतं, आणि धरलंय हे त्याला कळूही देत नव्हतं.

बाबा पुढे गेल्यावर मी त्याला गाठलं. “कधीपासून माहीत आहे?”

त्यानं विचारलं नाही, काय म्हणून. “लेन्स उघडली तेव्हापासून. काच आरशासारखी स्वच्छ होती. मी काही केलं नाही, तशीच परत दिली.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही का नाही सांगितलंत?”

मी आईचं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “मीही सांगायला हवं होतं. पण सांगितलं की काका कॅमेरा ठेवून देतील. इथं यायचे नाहीत. ते आले नाहीत तर –”

“तर?”

“तर... मग इथं काय, नुसते प्राणीच.”

आभार मानले असते तर परकेपणा झाला असता. मी फ्लास्कमधला उरलेला सगळा चहा त्याला दिला. त्यानं अर्धा परत माझ्या कपात ओतला.

खरं तर त्याच दिवशी आम्ही बाबांशी बोलायला हवं होतं. पण आम्हाला रविवार हवे होते. दोघांनाही.

आणि मग मगरीचा दिवस उजाडला. मगर काही हलत नाही, तिची कुरकुर ती काय करायची? त्यामुळे बाबा कठड्याशी आणि आम्ही दोघं मागच्या बाकावर. तो मला सांगत होता की लहानपणी त्यानं आईचं घड्याळ उघडलं आणि एक चाक उरलंच. मी हसत होते, तो माझं हसणं बघत होता, आणि बाबा तिकडे एकामागून एक फोटो काढत होते. आम्ही त्यांना साफ विसरलो होतो.

“अहो आजोबा,” कुणी बाई मायेनंच म्हणाल्या, “ते लाकूड आहे. मगर त्या बाजूला.”

बाबांनी कॅमेरा खाली घेतला. आम्ही धावलो. त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही, चाचपडत बाकावर येऊन बसले आणि मांडीवरच्या लेन्सला झाकण लावलं. ते एकदा घसरलं, मग बसलं.

“काय रे,” ते त्याला म्हणाले, “लेन्स बदलूनच टाकू का? खरं सांग.”

कुरकुऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

“लेन्स स्वच्छ आहे, बाबा,” मी म्हणाले. “मोतीबिंदू आहे. मला कधीचं माहीत आहे.”

“मलाही,” बाबा म्हणाले. “आणि हा कशाला बडबडतो तेही. मी म्हातारा झालोय, बुद्धू नाही झालो. हा बोलायचा, मी काढायचो. बरं चाललं होतं आपलं तिघांचं.”

“डोळ्याचं काम अगदी थोड्या वेळाचं असतं, बाबा. साधं –”

“तिलाही साधंच म्हणाले होते.” त्यांनी माझा हात शोधला. “भीती वाटते गं पोरी. आत जायची नाही. तू बाहेर एकटी बसशील, त्याची. त्या दिवशी तू कशी बसली होतीस ते मी पाहिलंय.”

आईनंतर इतकी वर्षं मी त्यांना सांभाळतेय असं मला वाटत होतं. आणि ते आपली दृष्टी पणाला लावून मला एका बाकापासून वाचवत होते.

“ती एकटी नसेल,” कुरकुऱ्या म्हणाला. “काका, मी बसेन तिच्याजवळ. पट्टी सुटेपर्यंत हलणार नाही.”

“वा! असं कुणालाही बसू देतात होय?” बाबांचा आवाज भरून आला होता, पण त्यात खट्याळपणा आला. “काउंटरवर पहिला प्रश्न तोच – पेशंटचे कोण? काय गं, विचारतात ना?”

“विचारतात,” मी म्हणाले.

“मग? काय सांगशील? लेन्सवाला?”

“मी... म्हणजे काका... तसं पाहिलं तर...”

अस्वलापासून पाणघोड्यापर्यंत सगळ्यांना चार शब्द सुनावणारा हा माणूस बुटांच्या नाड्यांकडे बघत होता. कान लालबुंद. बाबा वाट पाहत होते, ओठ दाबून. मी या दोघांचं इतकं देणं लागत होते की ते कुठून फेडायला घ्यावं ते कळत नव्हतं.

कुठून तरी सुरुवात करायची होती.

“जावई म्हणून सांग,” मी म्हणाले.